कागदावर ‘हेल्पर’, साइटवर उस्ताद

गेल्या उन्हाळ्यात लातूरला, गंजगोलाईजवळच्या एका घरात, आम्ही माझ्या खालाच्या मुलासाठी रिश्त्याच्या बोलणीला बसलो होतो. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, आठ वर्षांपासून पॅनेल आणि पीएलसीच्या कामात. मुलीच्या मामूंनी विचारलं, "लडका क्या करता?"

"पीएलसी का काम करता," खालू म्हणाले.

"मतलब?"

"कारखाने की मशिनां चलानेवाला कंप्युटर रहता ना, वो बिठाता."

"मतलब इलेक्ट्रिशियन है."

खालूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणून मला मुद्दाम सोबत नेलं होतं. मी म्हणालो, "ऑटोमेशन इंजिनिअर है." एवढ्यावर बैठकीचा रंग बदलला. आतून काजूची प्लेट आली. महिनाभरात मंगनी झाली.

मी खोटं बोललो का, हे मला अजून ठरवता येत नाही. तो मुलगा रोज जे करतो ते ऑटोमेशन इंजिनिअरचंच काम आहे. पण त्याच्या नेमणूकपत्रावर ‘हेल्पर’ लिहिलंय. माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या कार्डावर ‘ऑटोमेशन इंजिनिअर’ छापलं होतं आणि मला साधा ट्रान्समीटर जोडता येत नव्हता. त्या खोलीत खोटं कोण बोललं असेल तर आधी ते दोन कागद बोलले. आणि आपण, मुलीकडचे आणि मुलाकडचे, दोघांनीही कागदाचीच बाजू घेतली.

माझी गोष्ट आधी सांगतो, कारण दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी ती सांगणं भाग आहे.

नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका लहान पॅनेल कंपनीत लागलो. आपल्याकडची पोरं जातात तशीच नांदेड–पनवेल गाडीने गेलो. परभणी, परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी असा रात्रभराचा प्रवास. त्या गाडीच्या जनरल डब्यात दर आठवड्याला एक अख्खं वर्कशॉप प्रवास करत असतं: वायरमन, फिटर, वेल्डर, हातात टेस्टर आणि पिशवीत आईने दिलेल्या भाकऱ्या. कंपनीत देगलूर नाक्याचे एक चाचा होते. वय चाळिशीचं, शाळा आठवीपर्यंत. पॅनेलचं वायरिंग त्यांच्याकडे. इतकं सुबक की गिऱ्हाईक पॅनेलचं दार उघडून फोटो काढायचं.

२०१४ साली लातूरच्या एमआयडीसीत एका सोयाबीन तेलाच्या प्लँटवर आम्ही दोघं काम चालू करून द्यायला गेलो. सोयाबीनमधून तेल काढायला हेक्झेन वापरतात. ते पेट्रोलसारखं पेट घेणारं, त्यामुळे त्या भागात मोबाइलसुद्धा नेता येत नाही. हेक्झेनचा प्रवाह मोजणारा ट्रान्समीटर होता आणि त्याच्या आकड्यावरून पंपाचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह. पंप चालू केला की स्क्रीनवरचा आकडा वेड्यासारखा नाचायचा. मी दोन दिवस लॅपटॉप उघडून पीआयडीचे आकडे बदलत बसलो. हे वाढव, ते कमी कर. पुस्तकात तेवढंच वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर चाचा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "साब, ड्राइव्ह बंद रहती तब रीडिंग सीधी रहती, देखे क्या?" मी पाहिलं नव्हतं. त्यांनी केबल ट्रेचं झाकण काढलं. सिग्नलची केबल मोटरच्या केबलला चिकटून पूर्ण लांबीभर गेली होती आणि तिचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं. ड्राइव्हचा सगळा गोंगाट त्या वाटेने सिग्नलमध्ये शिरत होता. चाचांनी फील्डकडचं टोक सोडून टेप मारली, पॅनेलकडचं तेवढं ठेवलं. मग केबल वेगळ्या ट्रेमधून ओढली. एकट्याने, फजरपर्यंत. सकाळी पंप चालू केला तर स्क्रीनवरची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी.

कामाचा रिपोर्ट मी लिहिला. ‘पीआयडी ट्यूनिंग करून दोष दूर केला.’ खाली सहीला दोन चौकटी होत्या, एक ‘इंजिनिअर’, दुसरी ‘ग्राहक’. पहिल्या चौकटीत मी सही केली. तिसरी चौकट नव्हतीच. चाचांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्या रिपोर्टवर मला पगारवाढ मिळाली. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेलो ते ‘साइटचा अनुभव’ दाखवूनच.

२०२० च्या टाळेबंदीत कंपनीने माणसं कमी केली. चाचा नांदेडला परतले. हातात अनुभवाचं पत्र होतं: हेल्पर, अकरा वर्षं. कारखान्यांच्या भरतीला ते कागद घेऊन गेले. देखभालीच्या तंत्रज्ञाची जागा होती. तिथल्या माणसाने पत्र वाचलं आणि सांगितलं, हेल्परची जागा नाही. मुलाखत तिथेच संपली. आज ते शेतीपंपाचे स्टार्टर दुरुस्त करतात.

आता या नावांचा गोंधळ नेमका काय आहे ते पाहू. लातूर-नांदेडच्या माणसाला साखर कारखान्यावरून सांगितलेलं लवकर कळतं. बॉयलरच्या वरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी एका पट्ट्यात राखावी लागते. खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जातं. ती राखायला तीन मापं एकत्र वाचतात: ड्रममधली पातळी, बाहेर जाणारी वाफ, आत येणारं पाणी. हे एक काम चालायला किती हात लागतात बघा. ट्रान्समीटर बसवणारा आणि त्याचं माप तपासणारा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. केबल ओढून, प्रत्येक तारेला नंबर घालून पॅनेलमध्ये जोडणारा वायरमन. कंट्रोलरमध्ये तर्क लिहिणारा प्रोग्रामर. सगळं जोडल्यावर एकेक सिग्नल तपासत यंत्र पहिल्यांदा चालू करणारा कमिशनिंगवाला. आणि मग तिन्ही पाळ्यांत स्क्रीनसमोर बसणारा ऑपरेटर, ज्याला कोणता अलार्म खरा आणि कोणता सवयीचा हे कळतं.

मोठ्या कंपनीत ही पाच माणसं असतात. आपल्या पोरांना ज्या लहान कंपन्या घेतात तिथे दोनच असतात. एकाच्या हाती लॅपटॉप, दुसऱ्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर, आणि पाचही कामं त्या दोघांत वाटलेली. कुठलं काम कुणी केलं हे साइटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं. कागदावर मात्र लॅपटॉपवाला ‘इंजिनिअर’ आणि उरलेला ‘हेल्पर’. जातीची उतरंड आपण कारखान्याबाहेर ठेवून आलो असं ज्याला वाटतं त्याने एकदा पॅनेल शॉपमध्ये जाऊन पाहावं, लॅपटॉपला कुणाला हात लावू देतात आणि कुणाला नाही.

गंमत अशी की पीएलसी हे यंत्र जन्मलं तेच वायरमनला समोर ठेवून. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला रिलेंच्या भिंतीएवढ्या पॅनेलचा वैताग आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की हजारो तारा पुन्हा जोडायच्या. त्यावर उपाय म्हणून जी यंत्रं पुढे आली त्यांपैकी एक डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘मॉडिकॉन ०८४’. त्याची भाषा शिडीसारखी ठेवली, रिलेच्या जुन्या ड्रॉइंगसारखीच दिसणारी. हेतू हा की कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी, बिघडलं तर दुरुस्त करता यावी, कॉम्प्युटरवाल्याची वाट बघायला लागू नये. आजही लॅडर लॉजिक तसंच आहे. ज्याने रिले आणि कॉन्टॅक्टर हाताने जोडलेत त्याला ते महिनाभरात उमगतं. मला सहा महिने लागले, पदवी असून. मग पासवर्ड टाकून लॅपटॉप बंद करणारे आपण कोण?

माझ्या आताच्या धंद्यात तर आणखी एक विनोद आहे. सॉफ्टवेअर कंपनीत ‘ऑटोमेशन इंजिनिअर’ म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. त्याने आयुष्यात मोटर पाहिलेली नसते. लातूरच्या पोराने नोकरीच्या साइटवर हे दोन शब्द टाकले की निम्म्या जाहिराती त्या कामाच्या येतात. म्हणजे ज्या पदनामासाठी आपण काजूची प्लेट बाहेर काढतो त्याचा एक ठरलेला अर्थसुद्धा नाही.

अर्थ नाही, कारण कायद्याने तो दिलेला नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. ‘इंजिनिअर’ हा शब्द आपल्या देशात कुणीही कुणालाही लावू शकतो. याउलट बॉयलर अटेंडंट पाहा. कमी मानाचं वाटणारं नाव, पण त्यासाठी सरकारी परीक्षा आणि प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राचा माणूस नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. वायरमन आणि इलेक्ट्रिकल सुपरवायझर यांचाही सरकारी परवाना असतो. साखर कारखान्यातला पॅनमन, काचेच्या पट्टीवर साखरेचा दाणा पाहून पाक कधी सोडायचा ते सांगणारा, त्याला वेतनश्रेणी आहे. राज्यातल्या साखर कामगारांचं वेतन त्रिपक्षीय समितीत ठरतं, आणि कामाचं नाव, श्रेणी, हंगामी की कायम हे सगळं तिथे मांडता येतं. युनियनवाले त्यावर वर्षानुवर्षं भांडतात. भांडता येतं, कारण भांडायला नाव आहे. आमच्या ऑटोमेशनच्या धंद्यात मालकाने छापलं ते नाव.

तो ते दोन्ही बाजूंनी वापरतो. आठवीपर्यंत शिकलेल्या कसबी माणसाला ‘हेल्पर’ म्हटलं की किमान वेतनाच्या तक्त्यात तो कुशलच्या रकान्यातून अकुशलच्या रकान्यात जातो. आणि नवीन पदवीधराला ‘इंजिनिअर’ म्हटलं की त्याला सांगता येतं, "तू स्टाफ आहेस, वर्कर नाहीस, ओव्हरटाइम कसला मागतोस?" मी हे वाक्य स्वतः ऐकलंय, सलग सोळा तास उभं राहिल्यानंतर. आणि खरं सांगायचं तर ऐकून मला बरं वाटलं होतं. स्टाफ! घरी फोन करून सांगितलं.

कायदा असं म्हणत नाही. कोण कामगार हे पदनामावर ठरत नाही, मुख्यतः काय काम करतो यावर ठरतं. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये अर्कल गोविंदराज राव विरुद्ध सिबा गायगी या खटल्यात हेच सांगितलं: माणसाच्या कामातला मुख्य भाग कोणता ते बघा, किरकोळ जोडकामांवरून किंवा नावावरून ठरवू नका. औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणाराही ‘कामगार’च होता. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही तांत्रिक काम आहेच. बाहेर जातो तो व्यवस्थापक, किंवा महिना १८ हजारांहून जास्त पगार घेऊन देखरेखीचं काम करणारा. तुम्ही स्वतः तारा जोडताय, लॅडर लिहिताय, ट्रान्समीटर तपासताय, तर कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘सीनियर इंजिनिअर’ छापलं तरी फरक पडत नाही. त्याच वेळी आलेल्या सुरक्षा आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक केलंय. या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात. पण नेमणूकपत्राचं हे कलम आपल्या पोरांनी दोन्ही हातांनी धरावं.

आता घरात येऊ. मालकावर लिहिणं सोपं आहे, टाळ्या पडतात.

आपल्या समाजात हाताचं काम करणारे किती आहेत हे सांगायला सच्चर समिती लागत नाही, तरी २००६ च्या त्या अहवालाने ते आकड्यांत मांडलं: मुसलमान नियमित पगाराच्या नोकरीत कमी, स्वतःच्या छोट्या धंद्यात आणि असंघटित कामात जास्त. नांदेडच्या इतवाऱ्यात चक्कर मारा. मोटर रिवाइंडिंग, वेल्डिंग, रेडिएटर, लेथ. एका मोटरच्या कॉइलचे वेढे न मोजता बोटांनी सांगणारे लोक तिथे बसलेत. आणि यातला प्रत्येक बाप म्हणतो, माझ्या पोराने हे करू नये. का? कष्ट, धूर, कमी पैसा, हे मी समजू शकतो. पण त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असते. लोहार, शिकलगार, पिंजारी, मोमीन हे शब्द आपण एकमेकांविषयी कसे उच्चारतो आठवा. जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकायचं की दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हाताच्या कमाईवर जगायचे, त्यांच्या हातात लोखंड मऊ व्हायचं. मस्जिदीतून बाहेर पडून रिश्त्याच्या बोलणीत विचारायचं, मुलगा इलेक्ट्रिशियन तर नाही ना?

व्हॉट्सॲपवर दर महिन्याला अल-जझारीचं चित्र फिरतं. १२०६ साली त्याने स्वयंचलित यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला, त्याच्याही आधी नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या झडपा लिहून ठेवल्या. खरं आहे, आणि अभिमानाचंही आहे. बॉयलरच्या ड्रमचं कंट्रोल शिकवताना मी स्वतः त्यांचं नाव घेतो. पण तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी आपल्या गल्लीतल्या पॅनेल वायरमनला कधी विचारलंय, भाई, तू नक्की काय करतोस? आठशे वर्षांपूर्वीचा कारागीर आपला आणि शेजारचा नुसता ‘मिस्त्री’.

याचा परिणाम काय होतो? ज्याला हाताचं काम येतं, आवडतं, तो पोरगा चार वर्षं आणि बापाची जमीन किंवा दुकान घालून कशीबशी पदवी घेतो, कारण मंगनीला शब्द हवा असतो. पदवी झाल्यावर तोच हाताच्या कामाला लाजतो. शेवटी ना धड प्रोग्रामर होतो ना धड तंत्रज्ञ. आणि मग त्याला पकडतात ते क्लासवाले. ‘पीएलसी-स्काडा, ऑटोमेशन इंजिनिअर व्हा, शंभर टक्के नोकरी.’ दोन महिन्यांचा कोर्स, एका टेबलावर दहा जण, सिम्युलेटरवर ट्रॅफिक सिग्नलचा प्रोग्रॅम, शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. त्या पोराला चार मिलिअँपिअर म्हणजे काय विचारा. सिग्नल शून्यापासून सुरू न करता चारपासून का करतात? कारण शून्य आलं की कळावं, तार तुटली आहे. माप शून्य असणं आणि तार तुटणं यात फरक करता यावा. चाचांना हे माहीत आहे. प्रमाणपत्रवाल्या अनेकांना माहीत नाही. सगळे क्लास असे नसतात, चांगले शिकवणारे मी पाहिलेत. पण जिथे जाहिरातीत काम कमी आणि पदनाम जास्त, तिथे पैसे भरू नका.

इथे काही वाचक म्हणतील, हे सगळं ठीक, पण आपल्याला नोकरी नावामुळेच मिळत नाही. पदनामाचं काय घेऊन बसलात? नावाचा भेदभाव आहे. मी तो नाकारत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश निघाली. पुण्यात खोली शोधताना मला हा अभ्यास न वाचताच कळला होता. पण म्हणूनच तर मी कागदावर भांडतोय. नाव पाहून जो तुम्हाला बाजूला काढू पाहतो, त्याच्या हातात तुम्ही ‘हेल्पर’ लिहिलेलं पत्र दिलं तर त्याला कारण शोधायचीही गरज उरत नाही. चाचांना त्या दिवशी नावामुळे परत पाठवलं की पदनामामुळे, हे कधीच सिद्ध होणार नाही. भेदभाव करणाऱ्याला अशीच अर्धवट कागदपत्रं सोयीची असतात.

तर काय करायचं? मी क्रांतीची भाषा करत नाही, माझ्यात ती धमकही नाही. पण साइटवर काम करणाऱ्या भावांना आणि बहिणींना (हो, आता मुलीही या कामात येतात, त्यांना तर ‘डॉक्युमेंटेशन’च्या टेबलावरच बसवून ठेवतात) एवढं सांगेन. नेमणूकपत्र लेखी मागा आणि त्यात पदनामाखाली कामाचं वर्णन लिहून घ्या. दोन ओळी पुरतात. मालकाला ‘इंजिनिअर’ हा शब्द देताना जिवावर येतं, ‘पॅनेल वायरिंग, लूप तपासणी, ड्राइव्ह जोडणी’ हे लिहायला तो सहसा नकार देत नाही, कारण त्याचे पैसे त्याला लगेच दिसत नाहीत. कमिशनिंग रिपोर्टवर आपलं नाव आलंच पाहिजे असा हट्ट धरा, चौकट नसेल तर हाताने आखा. स्वतःची वही ठेवा: तारीख, साइट, कोणता दोष, कसा सापडला. कंपनीचे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग घरी नेऊ नका, ते आपलं नाही. दोष कसा ओळखला हे ज्ञान मात्र आपलं आहे.

आयटीआयच्या यादीत ट्रेडची मराठी नावं आहेत: वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता. मला ती फार आवडतात. एकही नाव उसनं नाही, प्रत्येक नाव काय काम ते सांगतं. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्यांचं शिक्षण आठवी-दहावीला सुटलं त्यांच्यासाठी आधीपासून येत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. त्या प्रमाणपत्राने उद्या नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही, पण ‘हेल्पर’पेक्षा तो कागद जास्त खरं बोलतो. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं, वंदे भारत गाड्या तिथे बनवायचा करार २०२३ ला झाला, आणि आपल्याकडे अजून चर्चा एकच: इंजिनिअरच्या जागा किती निघणार? वेल्डर, वायरमन, देखभाल तंत्रज्ञ किती लागतील हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि माझ्यासारख्यांनी, ज्यांच्या हातात लॅपटॉप आहे, त्यांनी आपले जुने रिपोर्ट एकदा उघडून बघावेत. मी उघडला. पीआयडी ट्यूनिंगचं ते वाक्य अजून माझ्या मेलमध्ये आहे.

मागच्या वर्षी मी जुन्या कंपनीला लिहिलं, की चाचांचं अनुभवपत्र दुरुस्त करून द्या, मी साक्ष देतो. उत्तर आलं, रेकॉर्डमध्ये जे पदनाम आहे ते बदलता येत नाही. चाचांना फोन केला तर म्हणाले, "रहने दो बेटा, क्या फरक पडता." मग मी स्वतःच एक पत्र लिहिलं. २०१४ साली लातूरला कोणता दोष होता, तो कुणी शोधला, शील्डचं कोणतं टोक सोडलं, केबल कुठून ओढली, आणि रिपोर्टमध्ये मी काय चुकीचं लिहिलं, सगळं त्यात आहे. नांदेडला जाऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधार कार्डासोबत लॅमिनेट करून घेतलंय. सही करताना मी क्षणभर थांबलो आणि नावाखाली ‘इंजिनिअर’ लिहिलं. त्याशिवाय तो कागद कुणी वाचला नसता.